अडीच नंबरच्या दोन जावा

चाळिशी उलटली की माणसाचे हात आखूड पडायला लागतात, असं आम्ही डोळे तपासणारी मंडळी गमतीनं म्हणतो. अक्षर लागेना म्हणून माणूस कागद लांब धरतो, मग आणखी लांब धरतो आणि एक दिवस हात संपतो. हात संपला की तो आमच्याकडे येतो.

भोरच्या दवाखान्यात मी आयुष्यभर हेच काम केलं. ऑपरेशन करणारे डॉक्टर वेगळे, मी नंबर काढणारी. डोळ्यांसमोर भिंगं बदलत राहायचं आणि विचारायचं, "आता बरं दिसतं, की मघाशी बरं होतं?" दिवसभरात हा प्रश्न इतक्यांदा विचारावा लागे, की घरी भाजी वाढतानाही तोंडून तोच निघायचा. गावोगावी माझी ओळख 'चष्म्याच्या बाई' अशीच झाली. ती मला आवडायची.

माणसं चष्म्याच्या बाबतीत फार मजेशीर वागतात. वेल्ह्याला एक निवृत्त एसटी ड्रायव्हर यायचे. मी तक्त्यावरचा दिवा लावायच्या आत ते शेवटची ओळ म्हणून मोकळे व्हायचे. नोकरीत दर वेळच्या तपासणीला तोच तक्ता बघून त्यांना तो पाठ झाला होता. मी तक्ता उलटा टांगला तेव्हा म्हणाले, "हे काय बाई, हा रूट आपला न्हाई." पानशेतच्या एका बंगल्यावर राखण करणाऱ्या गृहस्थांना नंबर दीड होता, पण मालकांसारखी बिनकाठाची फ्रेमच हवी होती. ती मिळाल्यावर चष्मा लावून ते आधी मोबाईलमध्ये स्वतःचा फोटो बघत बसले, मग म्हणाले, "आता दिसाया लागलं."

ज्यांना वाचता येत नाही त्यांचा जवळचा नंबर काढायला अक्षरांचा तक्ता कामाचा नाही. तिथं मी ताटलीत तांदूळ घेऊन बसायचे. भिंग लावायचं आणि खडे वेचायला सांगायचं. पण तांदळातले खडे बायांना बोटांनाच कळतात, डोळ्यांची गरजच पडत नाही. म्हणून शेवटी नाचणी द्यायची. नाचणीतला खडा ज्या भिंगातून दिसला, तो खरा नंबर.

नंबर निघतो, पण चष्मा कुठून आणायचा? पुण्यातल्या सोसायट्यांमधून वापरलेले चष्मे गोळा होऊन पोत्यांनी आमच्याकडे यायचे. आधी ते निवडावे लागत. तिरक्या नंबरचे, लांबचे, दोन डोळ्यांना दोन वेगळे नंबर असलेले बाजूला काढायचे. दोन्ही डोळ्यांना सारखा नंबर असलेले जवळचे चष्मे तेवढे ठेवायचे. प्रत्येक चष्मा यंत्राखाली धरून मोजायचा आणि दांडीला नंबराची चिठ्ठी बांधायची. एक, सव्वा, दीड, पावणेदोन, असं करत साडेतीनपर्यंत.

म्हणजे एका बाजूला माणसं, एका बाजूला चष्मे, आणि दोघांचेही नंबर माहीत. आता फक्त जोड्या लावायच्या. ऐकायला सोपं आहे.

वेल्ह्याच्या एका शिबिरात ते किती अवघड आहे ते कळलं. येईल त्याला समोरच्या ढिगातून बसेल तो चष्मा द्यायचा, असं चाललं होतं. आता जवळच्या कामाला पाव नंबर इकडेतिकडे चालून जातो. दोन नंबरच्या माणसाला पावणेदोनही चालतो, सव्वादोनही चालतो. त्यामुळे लोक त्या तिन्हीतली सुंदर फ्रेम निवडत आणि बहुतेक वेळा ती जास्त नंबराचीच निघे. वरचे नंबर असे भराभर संपत गेले. शेवटी तोरण्याच्या पायथ्याकडून चालत आलेले एक आजोबा उरले. त्यांचा नंबर साडेतीन, आणि सतरंजीवर एक नंबरचे चष्मे पडलेले. मी ओशाळून त्यातलाच एक त्यांना लावून पाहिला. त्यांनी स्वतःच्या तळहाताकडे पुष्कळ वेळ पाहिलं आणि माझं तोंड उतरलेलं बघून म्हणाले, "दिसतंय की थोडं थोडं. तुमी नका जिवाला लावून घेऊ."

परतीच्या एसटीत मी त्यांचाच विचार करत होते आणि भोर यायच्या आत मला रीत सुचली. खरं तर त्यात नवीन काही नाही. शाळेत कवायतीला पोरांना उंचीनं उभं करतात, तसंच. सगळ्यांचे नंबर आधी काढून घ्यायचे. मग माणसांना कमी नंबरापासून जास्त नंबरापर्यंत ओळीत बसवायचं आणि समोर चष्मेही त्याच क्रमानं मांडायचे. मग पहिला माणूस आणि पहिला चष्मा एकमेकांशी ताडून बघायचा. पावभराच्या फरकात बसला, तर देऊन टाकायचा आणि दोन्हीकडे एक एक पुढं सरकायचं. चष्मा त्या माणसाला फारच कमी पडला, तर तो पिशवीत. मागे बसलेल्यांचे नंबर त्याच्याएवढे किंवा वरचेच, म्हणजे तो त्यांनाही कमीच पडणार. उलट चष्मा माणसाला फार जड झाला, तर पुढचे चष्मे त्याच्याएवढे किंवा आणखी जड, म्हणजे त्या माणसाजोगा चष्मा आज आपल्याकडे नाही. त्याला सांगायचं, पुढच्या खेपेला आणून देते, आणि तोच चष्मा त्याच्या मागच्याशी ताडायचा.

यात फ्रेम निवडायची नाही आणि मागे वळून बघायचं नाही. दोन नंबरवाल्याला पावणेदोननं भागत असेल, तर तोच द्यायचा, म्हणजे दोनचा आणि सव्वादोनचा मागच्यांसाठी राहतो. असं केलं की आहेत त्या चष्म्यांत जास्तीत जास्त माणसं भागतात. मी हे घरी शेंगदाणे मांडून मांडून पडताळून पाहिलं होतं. कुणाला चष्मा जास्त हवा आहे, हे मात्र या रीतीला विचारता येत नाही. तिला फक्त नंबर कळतो.

आणि नंबर भावकी बघत नाही. गावातली माणसं बसतात ती आपापल्या आळीप्रमाणं, मानपानाप्रमाणं. माझ्या ओळीत कारभाऱ्यांच्या शेजारी त्यांच्याच गड्याची बायको यायची, सासूच्या पुढं सून यायची. सुरुवातीला कुरकुर व्हायची. मग गंमत वाटायला लागायची. "तुजा किती? माजाबी पावणेदोन," असं म्हणत माणसं सरकून जागा द्यायची.

मला जे सांगायचं आहे ते हिर्डोशीच्या पुढं, वरंध्याच्या बाजूला असलेल्या एका वाडीत घडलं. भाताची झोडणी उरकली होती, लोकांना जरा उसंत होती. देवळाच्या सभामंडपात शिबिर ठेवलं होतं. मदतीला वाडीतल्या अंगणवाडीच्या सेविका मंगल होत्या. तपासण्या झाल्या, मी ओळ लावायला घेतली, तशा मंगल माझ्या कानाशी आल्या.

"बाई, साळूबाई आन् हौसाबाईला शेजारी नका बसवू. जावाजावा हायत त्या. बोलत न्हाईत."

"कधीपासून?"

"हौसाबाईचा दत्ता साळंत जायचा तवापासून. आता त्याचं लगीन झालं, बायकू गरवार हाय. तरी न्हाई."

लोक बसेपर्यंत मंगलनी मला थोडक्यात सांगितलं. साळूबाई थोरली. तिला मूल नाही. धाकट्या जावेचा दत्ता तिच्याच मांडीवर वाढला. ताटात पहिला घास तिच्या हातचा, झोप तिच्या कुशीत. पुढं भावाभावांच्या वाटण्या झाल्या, घराच्या मधोमध भिंत आली. दत्ता भिंतीला वळसा घालून थोरलीकडंच जायचा. एकदा त्याला ताप भरला, तर तो आईला सोडून "मोठ्या आई"साठी रडायला लागला. हौसाबाईच्या ते मनाला लागलं. तिनं पोराचं तिकडं जाणं बंद केलं. साळूबाईनं एकदाही दारात येऊन विचारलं नाही, की भांडलीही नाही. ती नुसती बोलायची थांबली. मग हीही थांबली. दोघींचे नवरे वारले, दत्ता पुण्याला कंपनीत लागला, भिंतीच्या एकेका बाजूला एकेक बाई राहिली.

"पण दोघींचाही नंबर अडीच आहे," मी मंगलना म्हटलं. "मी काय करू?"

शेवटी त्या शेजारीच बसल्या. साळूबाई उंच, हाडापेरानं मोठी, नजर देवळाच्या खांबावर. हौसाबाई ठेंगणी, तिनं त्या बाजूचा पदर तोंडावर ओढून घेतलेला.

ओळ पुढं सरकू लागली. एक नंबरवाले भागले, दीडवाले भागले. कुणी चष्मा लावून हातावरचं गोंदण वाचत होतं, कुणी शेजारणीच्या पातळाची वीण बघत होतं. सव्वादोनपर्यंत येता येता चष्मे विरळ व्हायला लागले. साळूबाईपाशी पोचले तेव्हा समोर पावणेतीनचा एक काळ्या फ्रेमचा चष्मा होता, आणि त्याच्या पुढचा एकदम सव्वातीनचा. पावणेतीनचा दोघींनाही चालला असता. सव्वातीनचा दोघींनाही जड होता.

"अडीचसाठी एकच चष्मा निघतोय," मी म्हटलं. "दुसरीला मी नंतर आणून देईन. आधी कुणाला देऊ?"

ओळीतल्या माना आमच्याकडे वळल्या. सगळ्या वाडीला ती गोष्ट माहीत होती.

साळूबाई खांबाकडे बघतच म्हणाली, "तिला द्या. मला काय शिवायचं न्हाई, टिपायचं न्हाई. तिला नातवंडासाठी जुन्या लुगड्यांची वाकळ शिवायची हाय. भित्ताडातनं समदं ऐकू येतंय. रोज दुपारी सुई ओवाया बसती आन् सोताला शिव्या घालती."

कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं. हौसाबाईनं पदर थोडा मागं घेतला. ती माझ्याशीच बोलली, पण आवाज माझ्यापुरता नव्हता.

"बाई, त्यांना सांगा, वाकळंला नुस्ता चष्मा भागत न्हाई. टाका लागतो. माजा टाका ढोबळ. आमच्या घरात बारीक टाका त्यांचाच. दत्ता ज्या वाकळंत वाढला ती त्यांनीच शिवल्याली. चष्मा त्यांना द्या."

'आमच्या घरात' म्हणताना तिचा आवाज अडखळला. साळूबाईची नजर खांबावरून खाली आली आणि स्वतःच्या हातांवर थांबली.

दोघींचा नंबर एकच. अशा वेळी कुणाला आधी द्यायचं, याचं उत्तर माझ्या रीतीत नव्हतं. पुढं माणसं ताटकळली होती. मी तो चष्मा पुसला, दोघींच्या मधे सतरंजीवर ठेवला आणि तीन नंबरच्या आजींकडे वळले. त्यांना सव्वातीनचा छान बसला.

सगळं आवरून मागं पाहिलं, तर सतरंजीवर चष्मा नव्हता आणि त्या दोघीही नव्हत्या.

"कुणी उचलला?" मी मंगलना विचारलं.

"त्ये न्हाई बगितलं म्या. दोगी एकाच वाटंनं गेल्या येवडं बगितलं. एक फुडं, एक मागं."

अडीचला चालेल असा दुसरा चष्मा मिळायला बरेच दिवस लागले. मिळाला तेव्हा मी पुढच्या शिबिराची वाट न बघता एका सुटीच्या दिवशी एसटी धरली. गाडी खालच्या फाट्यापर्यंतच गेली, तिथून वाडीपर्यंत चढण चालले. घर एकच लांबट, कौलारू, दोन दारांचं. हौसाबाईच्या दाराला कडी होती. साळूबाईच्या पडवीत जुन्या लुगड्यांचे थर अंथरले होते आणि त्यांच्या दोन कडांना त्या दोघी बसल्या होत्या. चष्मा साळूबाईच्या नाकावर होता. टाका इतका बारीक पडत होता, की उभ्यानं तो मला दिसेना.

मी काही बोलायच्या आत तिचा दोरा संपला. तिनं सुई पुढं केली. हौसाबाई उठून आली, तिच्या नाकावरचा चष्मा काढून स्वतःला लावला, सुई ओवली, गाठ मारली आणि चष्मा पुन्हा तिच्या नाकावर नीट बसवला. बसवताना कानामागची बट चष्म्यात अडकली, ती बाजूला केली. दोघी एक शब्द बोलल्या नाहीत. हे त्यांच्या इतकं अंगवळणी पडलं होतं, की साळूबाईनं चष्मा यायच्या आधीच मान थोडी वर करून ठेवली होती.

मग त्यांचं माझ्याकडे लक्ष गेलं. साळूबाई चहा ठेवायला आत गेली. मी पिशवीतून चष्मा काढला.

"हा तुमचा," मी हौसाबाईला म्हटलं.

तिनं आतल्या दाराकडे पाहिलं आणि माझा हात पिशवीकडे ढकलला. "ऱ्हाऊ द्या तुमच्याकडंच. ह्यो घेतला तर मला माज्या दारात बसावं लागंल. मग काय म्हणून हितं येऊ?"

"आता बोलता की दोघी."

"कुटं बोलतोय. सुईपुरतं बोलतोय. वाकळ पुरी हुंद्या, मग बगू."

मी चष्मा परत पिशवीत टाकला. आयुष्यात चष्मा देताना नको म्हणणारी माणसं मी पुष्कळ पाहिली. कुणाला म्हातारपण कबूल करायचं नसतं, कुणाला फ्रेम पसंत नसते. हे कारण मी पहिल्यांदाच ऐकत होते.

चहा झाला. साळूबाई मला उतारापर्यंत पोचवायला आली. वाटेत तिनं विचारलं, "तिचा चष्मा आणला आसंल न्हवं?"

"आणला होता. वाकळ पुरी झाल्यावर घेईन म्हणाल्या."

तिनं वाटेतली काटकी पायानं बाजूला सारली. मग म्हणाली, "वाकळंला आजून दोन थर घालावं म्हंते. पोराला थंडी बाधाय नगं."

उन्हाळा तोंडावर आला होता. मी मान डोलावली आणि फाट्याकडे उतरले.

इथं एक गोष्ट सांगायला हवी. त्या दिवशी त्या वाडीत इतरही काही जण चष्म्यावाचून राहिले होते. त्यांतल्या बहुतेकांना मी पुढं चष्मे पोचवले. पण चार चार डोंगर पलीकडच्या वाड्यांतली सगळी माणसं मला पुन्हा भेटली असं म्हणता येणार नाही. कुणी मुलाकडे पुण्याला गेलं, कुणी निरोप पोचायच्या आत वारलं. रीत कितीही चांगली असली, तरी चष्मे आधीच कमी असतात, आणि कमी पडलेल्याचं दुःख ओळ लावून जात नाही. ते मी अजून बाळगून आहे.

दत्ताच्या बायकोचं माहेर भोरजवळचं. त्यामुळे बाळंतपण आमच्याच दवाखान्यात झालं. मला त्याची कल्पना नव्हती. सकाळची तपासणी चालू असताना खोलीच्या दारात दोघी उभ्या राहिल्या. साळूबाईच्या हातात वाकळीची घडी होती. मागं एक तिशीचा दाढीवाला तरुण, दोघींच्या पिशव्या दोन खांद्यांना लावून. तो दत्ता.

"नात झाली," हौसाबाई म्हणाली. "चष्मा न्ह्यायला आलो."

"वाकळ झाली वाटतं पुरी."

"वाकळंचं न्हाई, बाई," साळूबाई म्हणाली. "पोरीचं तोंड बगायचं हाय. चष्मा एक आन् आमी दोगी. ही बगाय लागली की मला थांबावं लागतंय. माजी पाळी आली की पोरगी तोंड फिरवती. आता दोगींनाबी एकदम दिसाया पायजे."

मी ड्रॉवरमधून चष्मा काढला, पुसला आणि हौसाबाईच्या डोळ्यांना लावला. सवयीनं तोंडून आलंच, "आता बरं दिसतं का?" तिनं मान वळवून आधी साळूबाईकडे पाहिलं. दोघींच्याही डोळ्यांवर एकाच वेळी चष्मे असण्याची ती पहिलीच वेळ होती.

"आक्का," ती म्हणाली, "पापण्याबी पिकल्या की तुमच्या."

"तुज्या काय काळ्या ऱ्हायल्यात व्हय?" साळूबाई म्हणाली. दत्ता खिडकीबाहेर बघत होता.

तपासणी संपल्यावर मी वॉर्डात गेले. सून भिंतीला टेकून बसली होती. बाळ वाकळीवर निजवलेलं आणि त्याच्यावर दोन डोकी इतकी जवळ वाकलेली, की चष्म्याच्या काचा एकमेकींवर आपटत होत्या. बोटं मोजून झाली होती, कानाच्या पाळ्या तपासून झाल्या होत्या.

"नाक बगा," हौसाबाई मला म्हणाली. "आक्कावर गेलंय. सरळ, लांब."

रक्ताच्या नात्यानं पाहिलं तर त्या पोरीचं नाक साळूबाईवर जायचं काहीच कारण नव्हतं. साळूबाईनं हळूच स्वतःच्या नाकाला हात लावून पाहिला.

मी माझा चष्मा डोळ्यांवर चढवला आणि वाकून नीट निरखलं. खरंच तिच्यावर गेलं होतं.